कादूचा विषय

१४ ऑक्टोबर २०२४

कोळी संपले!

सकाळी भिंग घेऊन मागच्या अंगणात गेले. कढीपत्त्यावर हे मोठं जाळं, दवानं नुसतं लखलखत होतं. कादूला हाक मारली. आली, एक नजर टाकली, म्हणाली, "हां, देख लिया." आणि आत गेली.

हीच पोरगी गणपतीत कोळ्यापायी जेवायला उठत नव्हती. मी भिंग आणलं, पुण्याहून पुस्तक मागवलं, चार्ट करून फ्रिजवर लावला. अर्ध्याहून जास्त चौकोन कोरे आहेत अजून.

त्याआधी डायनोसोर. जबलपुरातल्या पोरीला डायनोसोरचं वेड लागावं यात नवल नाही, इथल्याच टेकडीत हाडं सापडली आहेत. तरी महिन्यात आटोपलं. त्याआधी मदन महालच्या टेकडीवरचे दगड. त्याआधी रेल्वेचे सिग्नल. दरवेळी तेच. आधी झपाटल्यासारखी, आणि मग एक दिवस डोळ्यांत काहीच नाही!

श्रीकांतनं डबा भरता भरता विचारलं, "या वेळी किती चाललं?" हसत विचारलं. पण ते हसणं मी ओळखते.

१८ ऑक्टोबर

घरशाळावाल्या आयांच्या ग्रुपवर आज तीच चर्चा — कोणाच्या मुलाचा विषय किती टिकतो. नाशिकच्या एकीच्या मुलाचं मधमाश्यांवर आठ महिने चाललंय. दुसरीची मुलगी दोन वर्षं नकाशे काढते आहे. सगळ्यांनी टाळ्या दिल्या. मीही दिल्या.

चार्ट काढून ठेवला. कादूच्या लक्षातही आलं नाही.

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. पाहुणे गेले. जाता जाता प्रत्येकानं विचारलंच, "मग कादंबरी शाळेत कधी जाणार?" जणू ती आजारी आहे आणि बरी कधी होणार!

आजारी तर तेव्हा होती. दुसरीत होती. शाळेच्या गेटापाशी रोज उलटी. वर्गात बोलणंच बंद. डॉक्टर झाले, समुपदेशक झाल्या. शेवटी मीच म्हटलं, बास. स्वतःची शाळेतली नोकरी सोडली आणि तिला घरी घेऊन बसले. उलट्या थांबल्या. बोलायला लागली. आता दहा वर्षांची आहे, वाचते, हसते, भांडते. पण एका गोष्टीवर टिकत नाही.

श्रीकांत काल म्हणाला, "एप्रिलपर्यंत पाहू. राइट टाउनमधली ती छोटी शाळा चांगली आहे म्हणतात." तो वाईट बोलत नाही, घाबरून बोलतो.

१३ नोव्हेंबर

बाबांना अर्धांगाचा झटका आला. काल दुपारी.

सासूबाई गेल्यापासून बाबा पुढच्या खोलीत एकटेच असतात. कादू तिथे पत्ते पिसत होती. बाबा पाणी मागत होते ते मध्येच थांबले. कादू धावत आली — "आई, आजोबा आधा बोलके रुक गए!" तिनं लगेच पाहिलं म्हणून वेळेत नेता आलं, असं डॉक्टर म्हणाले.

श्रीकांत दवाखान्यात आहे. मला आता लिहवत नाही.

२६ नोव्हेंबर

बाबा घरी आले. उजवा हात गेलाय, पाय ओढत चालतात. ते एक वेळ होईल. पण बोलणं गेलं. आपण काय म्हणतो ते कळतं, डोळ्यांवरून दिसतं. पण तोंडातून एकच शब्द निघतो — "चलो." पाणी हवं तर चलो. नको तर चलो. श्रीकांतला बघून डोळे भरले तेव्हाही, "चलो, चलो, चलो."

पुंडलिकराव हे! कारखान्याच्या गेटवर कामगारांच्या मीटिंगमध्ये माईकशिवाय बोलायचे म्हणतात.

१० डिसेंबर

नेपियर टाउनमध्ये एक बोलणं शिकवणाऱ्या बाई आहेत, हर्षाजी. आठवड्यातून दोनदा रिक्षानं बाबांना नेते. सोबत कादू, तिला घरी एकटीला कुठे ठेवू?

हर्षाजी चित्रांची कार्डं दाखवतात. "बाबूजी, ये क्या है? कप... क... कप." बाबा ओठ जुळवतात, घाम येतो, आणि "चलो." कार्ड बदलतं. बस. घडी. छाता. सगळं चलो. परतताना रिक्षात बाबा बाहेर बघत बसले. कादू त्यांचा उजवा हात, तो लुळा हात, मांडीवर घेऊन बसली होती.

१४ डिसेंबर

मला वाटलं, हाच तिचा पुढचा विषय! मेंदू. वाणी. ती आपणहून हर्षाजींना दोन प्रश्न विचारत होती, मी ऐकलं. तर मेंदूचं प्लास्टिकचं मॉडेल मागवलं, उघडून भाग वेगळे होतात ते. कोणता भाग काय करतो त्याचा चार्ट काढला. यात जीवशास्त्र आलं, भाषा आली, सगळंच आलं.

१९ डिसेंबर

चार दिवस. मॉडेल कपाटावर गेलं.

"कादू, पुढचा भाग करायचा ना?" "मन नहीं है."

न्हाणीघरात जाऊन रडले. नळ सोडून. काय कमी पडतंय माझं?

७ जानेवारी २०२५

कादू काहीच करत नाही. सकाळी थोडं गणित, ते मी बसवते म्हणून. मग दिवसभर पुढच्या खोलीत. दार लोटलेलं. मी गेले की बाबा डोळे मिटून पडलेले असतात आणि ही खिडकीत पाय हलवत बसलेली. "काय करून राहिली गं?" "कुछ नहीं."

आणि मध्येच काहीतरी विचारते, कशाचा कशाला संबंध नाही. आज भाजी चिरत होते तर आली. "आई, बंडी मतलब बैलगाड़ी ही ना?" हो म्हटलं. "काहून गं, कशाला?" विचारलं, तर निघूनही गेली.

१२ जानेवारी

वर्ध्याच्या शकु आत्यांचा फोन. बाबांच्या धाकट्या बहिणीचा. म्हणाल्या, "पोट्टी लय गोड आहे हो विनता तुझी. रोज फोन करते, माझा जीव रमतो."

रोज? मला माहीतच नाही. विचारलं, काय बोलता? तर, "असंच. जुन्या गोष्टी. आम्ही लहानपणी काय काय खायचो ते." म्हटलं, चला, बोलते तरी कुणाशी. कादूला समजतं सगळं, पण मराठी बोलायची म्हटली की लाजते. आत्यांना हिंदी धड येत नाही. कसं जमवतात देव जाणे.

२० जानेवारी

श्रीकांतनं फॉर्म आणला. राइट टाउनच्या शाळेचा. टेबलावर ठेवला आणि मोजे काढत बसला.

मी म्हटलं, "आत्ता? घरात हे चाललेलं असताना?"

"घरात हे चाललंय म्हणूनच. तू बाबांमागे धावणार का तिच्यामागे? ती दिवसभर बसून असते, विनता. मला दिसतं."

"ती तिच्या वेळेनं—"

"तिची वेळ कोणती? कोळ्यांची चार आठवडे, मेंदूची चार दिवस?" मग आवाज खाली आणला. "बाबा परवा-परवापर्यंत घर चालवत होते. आज पाणी मागता येत नाही. आपल्याला काही झालं, तर ही कशाच्या आधारावर उभी राहील? एक तरी गोष्ट शेवटपर्यंत करता यायला पाहिजे ना."

भांडता येईना. माझ्याच मनातलं बोलून राहिला होता तो.

२९ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहून काढते.

चारचं औषध घेऊन पुढच्या खोलीकडे गेले. दार थोडं उघडं होतं. आतून कादूचा आवाज. इतका हळू, इतका धीराचा, की मला आधी वाटलं फोनवर कोणी आहे.

"पऱ्हाटी कुठे असते आजोबा? घरात? नाही ना. छतावर? नाही ना. मग कुठे? व..."

मग काहीच नाही. बराच वेळ. मी असते तर दहा वेळा मध्ये बोलले असते. कादू गप्प होती. आणि मग बाबांचा आवाज, घशातून ओढून काढल्यासारखा —

"वा... वावर. वाव-रात."

"वावरात! हां!"

कपाशीला पऱ्हाटी, शेताला वावर, बाबांचे वर्ध्याकडचे शब्द! आत जाणारच होते. पाऊल उचललंच होतं. तेवढ्यात कादू म्हणाली, "आजोबा, आईला नका सांगू हां. आई को पता चला ना, तो चार्ट लग जाएगा."

आणि बाबा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. खदखदून हसले!

मी परत फिरले. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. औषध उशिरा दिलं.

३० जानेवारी

चार्ट लग जाएगा.

दिवसभर तेच कानात. कोळ्यांचा चार्ट. डायनोसोरचा चार्ट. सिग्नलची फाईल, तिला मीच पुठ्ठा लावला होता. आठवून बघितलं, प्रत्येक वेळी ती कुठे थांबली. मी पुस्तक मागवलं तिथे. मी वेळापत्रक केलं तिथे. तिच्या डोळ्यांत चमक दिसली की मला राहवत नाही, मी हात घालते. मग ते तिचं राहत नाही.

किती दिवस टिकतं, हे विचारत बसले होते मी. कोणापर्यंत पोचलं की संपतं, ते नाही विचारलं.

राग येतो. वाईट जास्त वाटतं. तिच्यासाठी म्हणून सगळं सोडलं, आणि तिची सगळ्यात मोठी गोष्ट माझ्यापासूनच लपवलेली! हे ऐकायला कोण आहे? म्हणून इथे.

२ फेब्रुवारी

ठरवलं. आत जायचं नाही. विचारायचं नाही. कौतुकही करायचं नाही.

श्रीकांतला सांगितलं सगळं. तो म्हणाला, "मग तू काय करणार?" म्हटलं, काही नाही. "काही नाही म्हणजे?" म्हटलं, तेच कठीण आहे.

फॉर्म अजून टेबलावरच आहे.

५ फेब्रुवारी

ग्रुपवर लिहायला घेतलं होतं. तीन परिच्छेद झाले. पुसले.

११ फेब्रुवारी

नेपियर टाउन. हर्षाजींनी भाज्यांचं कार्ड काढलं. कोथिंबिरीची हिरवीगार जुडी. "बाबूजी, ये क्या है? ध... ध..."

बाबांनी कार्ड डाव्या हातात घेतलं. ओठ हलले. आम्ही तिघी थांबलो.

"सां... बार."

हर्षाजी अगदी मायेनं म्हणाल्या, "नहीं बाबूजी, सांभर नहीं. ये धनिया है." आणि कागदावर फुली. बाबांचा चेहरा असा उतरला! कार्ड टेबलावर उलटं ठेवलं त्यांनी.

मला माहीत होतं. माझ्या सासूबाई मरेपर्यंत भाजीवाल्याला सांबारच मागत होत्या. शब्द अगदी ओठावर आला होता. दातांनी धरून ठेवला.

कादू उठली. वर्गात तोंड न उघडणारी ही पोर, खुर्ची सरकवून उभी राहिली. "दीदी, आजोबा सही बोले. वर्धा तरफ धनिया को सांबारच बोलते हैं. कट मत करो."

हर्षाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. फुली खोडली. "सॉरी बाबूजी. आपने सही कहा था." मग पेन खाली ठेवून कादूला विचारलं, "और क्या-क्या बोलते हैं वो?"

कादूनं सांगितलं. आजोबा हिंदीला थांबतात, पण लहानपणचं विचारलं की शब्द येतो. टमाटर नाही म्हणत, भेदर म्हणतात. पातेलं नाही, गंज. खाट नाही, बाज. शकुआजीकडून कसे शब्द गोळा करते. एका दिवशी थोडेच घेते, कारण जास्त घेतले की आजोबा चिडतात आणि पुन्हा चलो-चलो सुरू होतं. शब्द येईपर्यंत मध्ये बोलायचं नाही, मनात गाणं म्हणून वेळ काढायचा.

हर्षाजी म्हणाल्या, "कभी-कभी ऐसा होता है, पहली भाषा पहले लौटती है. मुझे मराठी नहीं आती, मैं पकड़ ही नहीं पाती." मग मला, "आपने सिखाया इसको?"

म्हटलं, नाही. मी काहीच नाही केलं.

कादूनं माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये रिक्षाचे सुटे शोधायला लागले.

१२ फेब्रुवारी

ती वाट बघत होती. काल दिवसभर, आजही. मी काही आणते का, काढते का, लावते का. मी वांग्याची भाजी केली.

संध्याकाळी पुढच्या खोलीचं दार लोटलेलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

बाबा आज "गरम नको" म्हणाले. दोन शब्द! चहाला.

८ मार्च

श्रीकांत ऑफिसला निघाला होता. बूट घालून, हेल्मेट हातात, पुढच्या खोलीतून जात होता. बाबा बाजेवर बसलेले. हात वर केला. श्रीकांतला वाटलं पाणी. थांबला.

"शिरी," बाबा म्हणाले.

या नावानं त्याला सासूबाईंनंतर कोणी हाक मारली नव्हती. तो जागच्या जागी उभा.

"शिरी. जे... जेवला?"

सकाळचे नऊ वाजले होते. तो म्हणाला, "हो बाबा. जेवलो." मग हेल्मेट ठेवलं, बूट न काढताच बाजेवर त्यांच्या बाजूला बसला. ऑफिसला उशिरा गेला. मी आतूनच बघितलं.

कादू माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "आई, हा शब्द मी नाही घेतला. तो आजोबांनी स्वतःच काढला." अख्खं वाक्य मराठीत. मी नुसतं "हो का" म्हटलं.

रात्री फॉर्म टेबलावर नव्हता. कुठे ठेवला ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

२१ मार्च

बाबा गेले. दुपारी झोपेतच. दुसरा झटका.

कादूनंच पाहिलं. या वेळी धावत नाही आली. चालत आली, माझा हात धरला आणि मला खोलीत नेलं.

३ एप्रिल

काल तेरावं झालं. शकु आत्या आज परत गेल्या. स्टेशनवर कादूला पोटाशी धरून म्हणाल्या, "फोन करशील ना वं?" कादूनं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

ती रडत नाही. पुढच्या खोलीत पाय ठेवत नाही. तिथून जावं लागलं तर मागच्या दारानं वळसा घालून जाते. बोलते पुन्हा हिंदीत, तेही कामापुरतं.

श्रीकांत म्हणाला, "विनता, मीच म्हणत होतो ना, एक तरी गोष्ट शेवटपर्यंत... असं शेवटपर्यंत नव्हतं गं म्हणायचं मला." आणि त्याला रडू फुटलं.

१० एप्रिल

माझे हात शिवशिवतात. पक्षी दाखवू? आत्यांकडे वर्ध्याला नेऊ? तिनं जमवलेले शब्द एकत्र करून एक छोटं पुस्तक... नाही. नाही!

गणित घेतलं. जेवण वाढलं. केस विंचरले, ते अजून मला करू देते.

१९ एप्रिल

हर्षाजींचा फोन. आधी बाबांबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, त्यांच्याकडे एक वयस्कर बाई येतात, वऱ्हाडात दर्यापूरकडच्या, मुलाच्या बदलीमुळे इथे आलेल्या. झटक्यानंतर एक शब्द नाही. सून हिंदी बोलणारी, मुलगा फौजेत, बहुतेक वेळ बाहेर. "कादंबरी एक बार मिल लेती तो..."

मी कादूला जसंच्या तसं सांगितलं. फक्त गावाचं नाव राहून गेलं. ती म्हणाली, "नहीं." उठून गेली.

हर्षाजींना कळवलं. म्हणाल्या, समझती हूँ, बच्ची ही है.

समजावू का तिला, असं दहादा मनात आलं. समजावलं नाही. दहा वर्षांच्या पोरीनं आजोबा गमावले आहेत. हा कुठला विषय नाही.

२७ एप्रिल

ऊन. पुढच्या खोलीतली बाज श्रीकांतनं बाहेर काढायची म्हटली. कादू म्हणाली, "राहू दे." एवढंच.

२ मे

सकाळी पोळ्या लाटत होते. कादू ओट्यापाशी येऊन उभी राहिली. पिठात बोटानं रेघा ओढत होती. मी लाटत राहिले.

"आई, त्या आजी कोणत्या गावच्या?"

मला माहीत होतं.

"मला नाही माहीत," म्हटलं. "तूच विचार हर्षाजींना."

तिनं पिठाचा हात फ्रॉकला पुसला आणि माझा फोन घेऊन अंगणात गेली.